हाताने बंद केलेली बैठक

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत विशालाक्षीबाईंचं घर कुणाला विचारावं लागत नसे. सकाळी दूधवाल्याशी, उन्हं चढली की भाजीवालीशी आणि दुपारी पाण्याच्या लॉरीवाल्याशी ज्या घरातून भांडण ऐकू येई, ते त्यांचं. भांडण तमिळमध्ये चाले. ते जिंकून झालं की दार लोटता लोटता त्या दोन शब्द मराठीत पुटपुटत, ते मात्र फक्त घरच्यांसाठी. शाळा तंजावूरला तिसरीपर्यंत झाली होती. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. "पुढं त्या बाईंपाशीच शिकवायला काही उरलं नव्हतं," असं त्या सांगत, आणि ऐकणाऱ्याने हसायचं की नाही हे त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

घर अरुंद आणि लांब. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागे विहीर. सगळी दारं एका ओळीत, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला पार मागची तुळस दिसे. नवरा राजगोपालराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मधुसूदन गिंडीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीत होता. सून विद्यालक्ष्मी पहिल्या बाळंतपणासाठी कोइम्बतूरला माहेरी गेली होती. वरच्या खोलीत तनया नावाची पुण्याची मुलगी भाड्याने राहत होती, मधुसूदनच्याच ऑफिसात कामाला. तिचं आणि विशालाक्षीबाईंचं रोज काहीतरी वाजे.

"जेवलीस का म्हणून विचारलं तर नुसतं 'हो'," बाई म्हणत. "तुमच्या पुण्यात माणसाशी बोलतात की पावती फाडतात?"

"अक्का, 'हो' म्हणाले ते खोटं होतं. वाढा," असं म्हणून तनया जिन्यातच बसकण मारी. म्हणून ती बाईंना आवडे.

पुढच्या खोलीत मधुसूदनने एक यंत्र आणून ठेवलं होतं. काळा डबा, त्याला एक पडदा, आणि अखंड घूं घूं. त्या डब्यात त्याने बैठक मांडली होती. तंजावूर सोडून पांगलेली आपली माणसं दर रविवारी सकाळी आपापल्या कॉम्प्युटरपुढे कानाला हेडफोन लावून बसायची आणि एका खोलीत असल्यासारखी बोलायची. चेन्नईजवळच्या आवडी गावाहून हंबीररावमामा असत, तिथल्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. न्यू जर्सीची भाची इरा असे. विशालाक्षीबाईंनी आधी नाक मुरडलं. मग एका रविवारी मधूने हेडफोन त्यांच्या कानाला लावला, आणि आतून चारी बाजूंनी "नमस्कार, अक्का", "बऱ्या आहात की, अक्का" असं आलं. बाईंनी आधी पदर सारखा केला आणि मग बोलल्या.

तेव्हापासून बैठकीत राज्य त्यांचंच. हंबीररावांनी विनोद केला की सगळे हसत आणि इराचं हसू मागाहून येई, दुसरा विषय सुरू झाल्यावर. आवाज लांबून येतो म्हणून उशीर होतो, असं मधूने समजावलं.

"अमेरिकेत हसायलासुद्धा परवानगी काढावी लागते वाटतं," बाई म्हणाल्या. सगळे हसले. थोड्या वेळाने इराही हसली.

त्या वर्षी राजगोपालरावांच्या श्राद्धाची तिथी रविवारी आली.

श्राद्धाच्या बाबतीत त्या घरात एक शिस्त होती, विशालाक्षीबाईंच्या सासूपासूनची. पितरांना बोलवायचं, पोटभर वाढायचं, मग निरोप द्यायचा. त्यांना बोलावल्यापासून निरोप होईपर्यंत पुढचं दार लावायचं नाही. वाऱ्यानेही लागू नये म्हणून बाई दाराला पाट्याचा दगड लावून ठेवत. आलेल्या पाहुण्याला आत कोंडून ठेवण्यासारखं पाप नाही, मग तो पाहुणा दिसो की न दिसो.

सेतुमाधव वाध्यार, म्हणजे घरचे भटजी, आले. मंत्र झाले, ब्राह्मण जेवून उठले, रसवांगी आणि डांगर पच्चडी दोघांनी दोनदा मागून घेतली. पिंड मांडून तयार होते. आता उरला होता निरोप. वाध्यार मागच्या दारी हात धुवायला गेले आणि परत येऊन बघतात तर यजमान जागेवर नाही.

मधुसूदन पुढच्या खोलीत होता. अंगावर ओलं धोतर, बोटात दर्भाचं पवित्रक, आणि कानाला हेडफोन. हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलत होता, मान डोलावत होता. तनया दुसऱ्या स्टुलावर पडद्यापुढे बसली होती.

"मधु," बाईंनी हाक मारली. सोवळ्यात असल्यामुळे त्या उंबऱ्याच्या आत थांबल्या होत्या. "मधु! वाध्यार थांबलेत."

त्याने फक्त हात वर केला. एक मिनिट.

विशालाक्षीबाईंना त्यांच्या घरात कुणी 'एक मिनिट' दाखवल्याला फार वर्षं झाली होती.

"बंद कर ते," त्या तनयाला म्हणाल्या.

"अक्का, सगळे बोलतायत. थांबायला सांगते त्यांना."

"सांगायचं नाही. बंद करायचं. माझ्या घरात बैठक कधी उठायची ते मी ठरवते."

तनयाने एकदा मधुसूदनकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि एक ओळ टाइप केली. "केलं."

मधुसूदन उठला नाही. तसाच मान डोलावत, ओठ हलवत बसून राहिला.

"केलं म्हणालीस ना?"

"केलंय, अक्का. आता नवीन कुणी आत येणार नाही."

"आणि आहेत ते?"

"ते..." तनया पडद्याकडे बघत म्हणाली, "बोलणं संपलं की जातील आपोआप."

विशालाक्षीबाईंनी सोवळ्याची पर्वा न करता पुढे होऊन हेडफोन त्याच्या कानांवरून ओढून काढला. मधुसूदनने वर पाहिलं. गाडीत झोपलेला माणूस भलत्याच स्टेशनवर जागा होऊन पाटी शोधतो तसं. मग म्हणाला, "आलो, आई."

निरोपाचे मंत्र त्याने म्हटले. वाध्यार पुढे म्हणत, तो मागून म्हणे. दर ओळीला जरा थांबून. "सावकाश का होईना, येतंय," वाध्यार हसून म्हणाले. बाई हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी तनयाकडून यंत्राची बाहेर जाणारी इंटरनेटची वायरही काढून घेतली आणि सांगितलं, पुरे झाली बैठक. सून येईपर्यंत नाव काढायचं नाही.

मधुसूदनने वाद घातला नाही. हेच खरं तर पहिल्यांदा खटकायला हवं होतं.

त्यानंतर घरात काय बदललं हे पटकन सांगता आलं नसतं. कॉफी पुढे ठेवली की तो तिच्याकडे बघत राही आणि मग पेला उचली. "मधु" म्हटलं की मान वळे, पण एक श्वास गेल्यावर. बाईंना वाटलं रुसलाय. त्यांनी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. तो मुकाट्याने जेवला. हात धुतले, पान उचललं, ऑफिसची बॅग खांद्याला लावली आणि दारात पोचल्यावर म्हणाला, "आई, आमटी अळणी झालीय ग."

पुढे श्वासाच्या घटका झाल्या. सकाळी विचारावं "ताक देऊ?" आणि दुपारी मधल्या खोलीत पेपर वाचता वाचता त्याने म्हणावं, "हो, थोडं." समोर ताक नाही, पान नाही. बोलून झालं की आपण काही बोललो हे त्याच्या लक्षातही येत नसे. बाईंनी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

"इराचं हसू आठवतं?" तनया एकदा जिन्यात म्हणाली. "तसंच चाललंय यांचं."

मग एका संध्याकाळी मधुसूदन खुर्चीत बसलेला होता तो एकदम बाजूला उडाला. खांदा भिंतीवर आपटला, फोटो खाली आला, काच फुटली. "केवढ्यानं हॉर्न मारतो!" तो धापा टाकत म्हणाला. गल्लीत सायकलसुद्धा नव्हती.

काच वेचायला तनया खाली आली. "अक्का, आज सकाळी सबवेजवळ बस अंगावर आली होती. मी शर्टाला धरून ओढलं त्यांना. त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं."

विशालाक्षीबाईंनी काच टाकून हात पुसले, खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला कावीळ झाल्याचं कळवलं. या पोराला रस्त्यावर सोडलं तर त्याला धडक आधी बसेल आणि हॉर्न नंतर ऐकू येईल, एवढं समजायला तिसरीच्या पुढची शाळा लागत नव्हती. त्या त्याच्या मागे मागे फिरू लागल्या. तो विहिरीकडे गेला की या कठड्याशी. तो गॅसपाशी गेला की या मध्ये. तापलेल्या तव्याला त्याचा हात लागला. बाईंनी झटकन ओढून पाण्यात धरला, आणि तो शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिला. "ओय" तो पार अंघोळीला बसल्यावर म्हणाला.

कोइम्बतूरहून फोन आला तो सकाळी. विद्यालक्ष्मीला मुलगी झाली होती. बाईंनी रिसीव्हर मधूच्या कानाला लावला. पलीकडून सून काय काय सांगत होती, हसत होती, मग विचारत होती, "ऐकताय ना? अहो?" मधुसूदन समोरच्या भिंतीकडे बघत उभा. बाईंनी रिसीव्हर काढून घेतला.

"त्यांना मुलगा हवा होता का, आई?" विद्यालक्ष्मीने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"वेडी आहेस. आनंदाने वाचा बसलीय त्याची. मी त्याची आई, मला ठाऊक. तू गरम पाणी पी," बाईंनी सांगितलं आणि फोन ठेवला.

दिवेलागणीला मधुसूदन पाय धूत होता. तांब्या हातातच राहिला, चेहरा एकदम उजळला. "मुलगी? खरंच?" तो कोपऱ्यातल्या हवेला म्हणाला. "तू कशी आहेस, विद्या? रडतेस काय, वेडे?"

बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, आपलं रडणं बाहेर जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दुपारी त्या पुढची खोली झाडायला गेल्या. मधुसूदन मधल्या खोलीत चटईवर झोपला होता, तोंड किंचित उघडं. उघड्या दारातून त्याचे पाय दिसत होते. यंत्र घूं घूं करतच होतं. हेडफोन खुर्चीवर पडला होता आणि त्यातून काहीतरी येत होतं, डबीत माशी अडकावी तसं.

बाईंनी तो कानाला लावला.

आत माणसं होती. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून बोलतात तशी, कुणाला घाई नाही अशी. मराठी आपलंच, पण त्यांच्या सासूच्या आईच्या तोंडी शोभेल असं जुनं. आणि त्यांच्यात मधुसूदन हसत होता. घरात कितीतरी दिवसांत न ऐकलेलं ते हसू.

"आई बोलावतेय," तो म्हणाला. "उठतो."

कुणीतरी दोनदा घसा साफ केला. बोलण्याआधी असा दोनदा घसा साफ करणारा एकच माणूस बाईंना माहीत होता, आणि त्यांनी त्याचं नाव मनातही येऊ दिलं नाही.

"बस की," तो आवाज म्हणाला. "जाणार कुठून? दार लावलंय."

चटईवर झोपलेल्या मधुसूदनच्या पायाची बोटंही हलली नाहीत.

तनया ऑफिसातून आली तेव्हा बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर वाट बघत होत्या. काही न बोलता त्यांनी तिला पुढच्या खोलीत नेलं. "अक्का, वायर काढलेली आहे," तनया म्हणाली. "आवाज यायला मार्गच नाही." मग तिने हेडफोन कानाला लावला. काढल्यावर तो ओढणीला पुसला, जणू काही लागलं असावं.

"किती लोक आहेत आत," ती म्हणाली.

"तू तर बंद केलं होतंस."

"दार बंद केलं होतं, अक्का. दारावरच्या माणसाला घरी पाठवलं. आतल्यांना हात लावला नाही." ती स्टुलावर बसली. "यंत्रात ते तसंच लिहिलेलं आहे. मधुसूदननीच लिहिलंय. हाताने बंद करणारा बहुतेक काहीतरी दुरुस्त करायला आलेला असतो. कधी तो स्वतःच आत बसून दुरुस्ती करत असतो. त्याने दार लावलं आणि तोच बाहेर फेकला गेला, असं होऊ नये ना? म्हणून हाताने बंद केलं की आतले तसेच राहतात. पण अख्खं यंत्र बंद होताना तसं नाही. तेव्हा एकेकाला उठवून रीतसर निरोप द्यायचा, मग दिवे घालवायचे."

निरोप. विशालाक्षीबाईंनी पुढच्या दाराकडे पाहिलं. श्राद्धाच्या दिवशी पुढच्या दाराला दगड लावून त्या दिवसभर राखण करत होत्या, आणि हे दुसरं दार त्यांनीच, ऐन निरोपाच्या आधी, हट्टाने लावून घेतलं होतं.

"मग अख्खं यंत्र बंद कर," त्या म्हणाल्या.

तनयाने कीबोर्डकडे हात नेला आणि थांबवला. "नाही. तसं नाही होणार."

"का नाही होणार? माझ्या घरातलं यंत्र आहे."

"अक्का, समजा, हा एक मोठा कल्याणमंडप आहे, आमच्याकडचं मंगल कार्यालय. खोली चालू असली की तिच्या दाराबाहेर एक खूण टांगलेली असते. सगळा मंडप बंद करायची वेळ आली की वॉचमन फिरतो, खूण दिसेल त्या खोलीत जातो, माणसांना उठवतो. आपण ही खोली हाताने बंद केली. त्या क्षणी खूण निघाली. आता वॉचमन इथून जाईल तेव्हा म्हणेल, ही झालेलीच आहे. आत डोकावणारसुद्धा नाही. दिवे घालवेल आणि जाईल."

"आणि आतले?"

"ते तिथेच राहतील, अक्का. अंधारात."

"वायर ओढून काढली तर? करंटची?"

"ते तर त्याहून वाईट. तेव्हा वॉचमन फिरतच नाही."

मधल्या खोलीत मधुसूदन झोपेतून उठून बसला होता. आईकडे बघून तो ओळखीचं हसला, आणि बाईंना कळेना की हे हसू आजचं आहे की गेल्या आठवड्यातलं.

"एकच मार्ग आहे," तनया म्हणाली. "दार पुन्हा उघडायचं. उघडलं की खूण परत लागते. मग लगेच अख्खं यंत्र बंद करायचं. म्हणजे वॉचमन आत जाईल."

"मग कर की."

"उघडलं की, बाहेर जे कुणी थांबलं असेल ते आत येईल."

"वायर काढलीय, म्हणालीस ना? कोण येणार?"

तनयाने हेडफोनकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशालाक्षीबाईंनी न्हाऊन पूर्ण स्वयंपाक केला. श्राद्धाला केला होता तोच. पुढचं दार उघडून दगड लावला, मागचं दार उघडलं, मधली दोन्ही उघडली. गल्लीत लख्ख ऊन होतं. समोरच्या ओट्यावर शेजाऱ्यांचं कुत्रं पसरलं होतं. त्यांनी मधूला यंत्रापुढच्या खुर्चीत बसवलं, हेडफोन त्याच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. उंबऱ्यावर उभं राहू नये म्हणतात. त्या राहिल्या.

"उघड," त्या म्हणाल्या.

तनयाने टाइप केलं. यंत्राची घरघर जड झाली, चढावर गाडी लागावी तशी. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

दाराचा बाजूला सारलेला कापडी पडदा आत आला. आत आला आणि आतच राहिला, ताठ. अंगावरून हवा जात होती. गार नव्हती, गरम नव्हती. लग्नघराचं दार उघडल्यावर आतला गलका यावा तसा गलका मांडीवरच्या हेडफोनमधून येत होता आणि वाढत होता.

"अक्का, येतायत."

"येऊ देत. आता बंद कर."

"अजून येतायत. थांबतच नाहीयेत. आधी दार लावू का?"

"हाताने नको!" बाई ओरडल्या. "हाताने लावायचं नाही! सगळं बंद कर! सगळं!"

तनयाने केलं.

यंत्राच्या पडद्यावर ओळी चढू लागल्या. तनया एकेक वाचत होती. हे बंद झालं. ते बंद झालं. आता बैठकीपाशी आलं.

बाईंनी दोन्ही हात जोडले. "या आता," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "जेवलात, बसलात. आता सुखरूप जा. रागावू नका. मधु, तू तेवढा इकडे ये. मधु. तू माझ्याकडे ये."

दाराचा पडदा फिरला. बाहेर गेला.

समोरचं कुत्रं उठलं. भिंतीला अंग लावून, मान खाली घालून, मिरवणुकीला वाट द्यावी तसं उभं राहिलं. उन्हातली गल्ली रिकामी होती. कुत्रं खूप वेळ उभं राहिलं.

मग यंत्र थांबलं. घरात पंख्याचा आवाज ऐकू आला.

"आई," मधुसूदन म्हणाला. "उन्हात काय उभी राहिलीस? पाय भाजतील."

"मधु?"

"काय ग?"

लगेच. शब्दाला शब्द लागून.

विशालाक्षीबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग पाठीत एक धपाटा घातला. तनया हसत होती आणि रडत होती. बाई तिला म्हणाल्या, "नाक पूस. पुण्याची अब्रू जाईल."

तो जेवायला बसला. रसवांगीत मीठ कमी आहे असं पहिल्याच घासाला म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकाला नाव ठेवलेलं बाईंना गोड लागलं. त्यांनी ताकाचं भांडं उचललं. विचारायला तोंड उघडणार, तोच त्याने पानावर हात आडवा धरला.

"पुरे, आई."

"आता कसा!" बाई तनयाकडे बघून म्हणाल्या.

हात धुऊन तो मधल्या खोलीत गेला आणि फोनवर हात ठेवून उभा राहिला. मग फोन वाजला. कोइम्बतूर. विद्यालक्ष्मीशी तो पुष्कळ बोलला, मुलगी कुणासारखी आहे ते तिने सांगायच्या आधीच "माझ्यासारखी" म्हणाला, आणि पलीकडे ती हसल्याचं बाईंना लांबूनही ऐकू आलं. बापाचं काळीज, त्यांना वाटलं. आधीच कळतं त्याला.

ऊन कललं तेव्हा त्या दारात मोगरा गुंफत बसल्या होत्या. मधुसूदन कपडे करून आला. स्टेशनवर जाऊन कोइम्बतूरचं तिकीट काढतो, उद्याच लेकीला बघून येतो म्हणाला. किल्ली मागितली. बाईंनी कमरेची किल्ली सोडली, पुढे केली. तो चपला घालायला वाकला होता. वाकल्या वाकल्याच त्याने वर पाहिलं. त्यांच्याकडे नाही, त्यांच्या खांद्याच्या जरा वर, जिथे त्या उभ्या असत्या तर त्यांचा चेहरा आला असता तिथे.

"नाही, आई," तो अगदी हळू म्हणाला. "आता दुखत नाही. तू रडू नकोस."

विशालाक्षीबाई रडत नव्हत्या. त्यांनी अजून काही विचारलंही नव्हतं.

तो पुन्हा चपलेचा पट्टा लावू लागला, काही बोललोच नाही असा.

"बरं, राहू दे किल्ली," तो म्हणाला. "चालतच जातो."

बाईंची मूठ त्यानंतर मिटली.

तो पायऱ्या उतरला. गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याकडे वळण्याआधी, मागे बघून त्याने हात हलवला. तनया वरून म्हणाली, "अक्का, कुठे निघाले ते? हाक मारा ना." बाईंनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला होता आणि दोन्ही हातांनी दाबला होता. तोंड उघडलं असतं, तर आधी हाक बाहेर पडेल की त्याने आधीच उत्तर देऊन ठेवलेला तो प्रश्न, याची त्यांना खात्री नव्हती.